माठ, घाम आणि तहान: उन्हात राबताना शरीराचा तोल कसा सांभाळायचा

मे महिन्यात नागपुरात माठातलं पाणी दातांना लागेल इतकं गार होतं. तोच माठ त्याच दिवशी रत्नागिरीत ठेवला तर पाणी जेमतेम थंड लागतं. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाळलं तरच आतलं पाणी गार होतं. नागपूरची कोरडी हवा ते लगेच ओढून घेते, कोकणातली हवा आधीच दमट असल्याने घेत नाही. माणसाचं अंग म्हणजे असाच एक माठ आहे, फक्त त्याच्या आत चूलही पेटलेली असते.

ही चूल लहान नाही. नुसतं बसून राहिलं तरी शरीर ऐंशी ते शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतं. कुदळ चालवताना किंवा विटा वाहताना हा आकडा ४०० वॉटच्या पुढे जातो, कारण स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला एखादा पंचमांश किंवा चतुर्थांश भाग कामी येतो आणि बाकीची उष्णता होते. ती बाहेर काढून आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं काम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे असतं. तो रक्ताचं आणि कातडीचं तापमान मोजतो, ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो, जास्त असेल तर कातडीकडे रक्त सोडतो आणि घामाच्या ग्रंथी चालू करतो. मग पुन्हा मोजतो. हे पुन्हा मोजणं म्हणजेच फीडबॅक. उष्णता वाढली की उपाय ती कमी करण्याच्या दिशेने होतो, म्हणून याला ऋण फीडबॅक म्हणतात. ‘ऋण’ ऐकून बिचकू नका, शरीर टिकतं ते याच प्रकारावर. आतला तोल असा सतत सावरत राहण्याला वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. मराठीत आपण त्याला समस्थिती म्हणतो.

उन्हात राबणाऱ्याने आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमाने लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ही यंत्रणा चांगली असली तरी तिचे काही इशारे उशिरा येतात, काही फसवे असतात आणि एका हद्दीपलीकडे तीच यंत्रणा उलटी फिरते. त्यामुळे नुसतं ‘काय वाटतंय’ यावर न जाता काही गोष्टी मोजाव्या लागतात.

आधी हवा बघा, मग पारा

कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर अंगाची उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली की उलट हवाच अंगाला तापवते आणि मग घाम वाळणं एवढा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हे भरपूर आहे. पण अट ‘वाळला तर’ ही आहे. हनुवटीवरून टपटपणारा घाम काहीही थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

म्हणून मुंबई-कोकणातला ३६ अंशांचा दमट दिवस वर्ध्याच्या ४२ अंशांच्या कोरड्या दिवसाइतकाच घातक ठरू शकतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा पारा काही विदर्भासारखा पंचेचाळिशीत नव्हता. कपडे घामाने चिंब आहेत आणि वाळतच नाहीत, अशी हवा असेल तर ताकद अंगात असली तरी कामाचा वेग कमी करा. कोरड्या हवेत धोका वेगळा: घाम सुटल्या सुटल्या वाळतो, अंग कोरडं वाटतं आणि ‘आज फारसा घाम नाही’ असा समज होतो. कातडीवर आणि सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसले की समजा, घाम भरपूर गेला आहे.

पंख्याबद्दल एक खुलासा. ४० अंशांच्या वर कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडला तर तो गरम हवा अंगावर फेकतो, म्हणजे तापवतोच. अंग किंवा कापड ओलं करून पंखा लावला तर मात्र उपयोग होतो. विदर्भात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळायची रीत आहे ती याच हिशेबाने बरोबर आहे. खिशात कांदा ठेवण्याची रीतही आहे. कांद्याने नुकसान काही नाही, पण त्याचा या यंत्रणेशी संबंधही नाही. तो दुपारच्या भाकरीबरोबर खावा.

तहान उशिरा का लागते

उष्णतेच्या फेऱ्याशेजारी पाण्याचा दुसरा फेरा चालू असतो. रक्तातल्या क्षारांची घट्टता मेंदू फार बारकाईने मोजतो. एक-दोन टक्क्यांनी घट्टता वाढली की एडीएच नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू लागतात. तहान याच्या थोडी नंतर लागते. जोरात काम चालू असेल तर तहान जाणवेपर्यंत वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी गेलेलं असतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहाशे मिलिलिटर ते सव्वा लिटर.

दुसरी गफलत आणखी मजेशीर आहे. पाणी प्यायल्यावर ते आतड्यातून रक्तात उतरायला दहा-वीस मिनिटं तरी लागतात, पण तहान चार घोटांतच भागते. घशातून आणि पोटातून मेंदूला आगाऊ निरोप जातो की पाणी आलं. हा निरोप चांगल्या हेतूचा आहे, नाहीतर माणूस रक्त पातळ होईपर्यंत पीतच राहिला असता. पण उन्हात त्याचा परिणाम असा होतो की माणूस गेलेल्या पाण्याच्या निम्म्यावरच थांबतो आणि त्याला समाधान वाटतं. म्हातारपणी तर तहानेचा इशाराच बोथट होतो. घरातले आजोबा ‘मला तहानच लागत नाही’ म्हणतात ते खरं सांगत असतात, म्हणूनच त्यांना विचारून नव्हे तर घड्याळ बघून पाणी द्यायचं.

कामावर नियम असा ठेवा: दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. एकदम तांब्याभर पाणी ढोसल्यावर एडीएच झपाट्याने उतरतं आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. लघवी पांढरी स्वच्छ झाली म्हणून माणूस खूश होतो, पण अंग अजून कोरडंच असतं. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलंय, त्यांनी हा नियम परस्पर लावू नये.

वजनकाट्याने स्वतःचा घाम मोजा

प्रत्येकाचा घाम वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या बाटलीकडे बघून आपलं पाणी ठरवता येत नाही. शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा पुरतो.

१. कामाला जाण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या.
२. दोन-तीन तास काम करा. किती पाणी प्यायलं ते बाटलीवरून मोजून ठेवा. मधे लघवी झाली तर तिचाही अंदाज धरा.
३. परतल्यावर अंग कोरडं पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन घ्या. घामेजलेला बनियन घालून वजन केलं तर हिशेब चुकतो, कारण त्यातच पाव किलो घाम असू शकतो.

उदाहरण बघा. सकाळी वजन ६२.० किलो. तीन तासांनी ६०.९. मधे दीड लिटर पाणी प्यायलं, लघवी सुमारे २०० मिलिलिटर. गेलेला घाम झाला १.१ अधिक १.५ उणे ०.२, म्हणजे २.४ लिटर. तासाला ८०० मिलिलिटर. आणि वजनातली घट आहे १.८ टक्के. दोन टक्क्यांच्या आत राहायचं असेल तर हा माणूस काठावर आहे. त्याने तासाला ५०० ऐवजी ७०० मिलिलिटरपर्यंत जायला हवं. वजन वाढलेलं दिसलं तर तो जास्त पितोय, आणि तेही बरं नाही. त्याचं कारण पुढे येतंय.

ही मोजणी मार्चमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा करा. आकडे बदललेले दिसतील.

काटा नसेल तर सकाळची पहिली लघवी बघा. फिकट लिंबूसरबताच्या रंगाची असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर कालचं पाणी अजून भरून निघालेलं नाही, आजचा दिवस उधारीवर सुरू होतोय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर हा रंग ग्राह्य धरू नका, त्या लघवी पिवळीजर्द करतात. भारी कामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र तो पाण्याचा प्रश्न राहिला नाही. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात उतरतंय, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मीठ

घामातून मीठ किती जातं यात माणसामाणसांत मोठा फरक असतो, पण मध्यम आकडा धरला तर लिटरमागे दोन-सव्वादोन ग्रॅम. वरच्या माणसाने पाच तास काम केलं तर चार लिटर घाम आणि सुमारे नऊ ग्रॅम मीठ गेलं, म्हणजे चहाचे जवळपास दीड चमचे. याची भरपाई नुसत्या पाण्याने केली तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. एरवी अशा वेळी मूत्रपिंडांनी जास्तीचं पाणी टाकून दिलं असतं, पण उष्णता आणि श्रमामुळे एडीएच चढलेलंच राहतं. दोन फेऱ्यांचं इथे पटत नाही. डोकं ठणकणं, मळमळ, हातापायांची बोटं सुजल्यासारखी वाटणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसतात आणि लोक त्याला ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पाणी पाजतात. तासन्‌तास नुसतं पाणी पिणाऱ्याला अशी लक्षणं आली आणि वजन घटण्याऐवजी वाढलेलं असेल तर पाणी थांबवा आणि दवाखान्यात न्या.

दोन वेळचं नीट जेवण होत असेल तर मिठाच्या गोळ्यांची गरज नाही. भाकरी, ठेचा, लोणचं, आमटी, मीठ घातलेलं ताक, पन्हं, आंबील यांतून बहुतेक भरपाई होते. अडचण होते ती सकाळी चहावर निघून दुपारी दोनपर्यंत उपाशी राबणाऱ्यांची. त्यांच्या बाटलीत पाव चमचा मीठ आणि लिंबू घातलेलं एक लिटर पाणी असावं. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

घाम खूप गेला, पायात गोळे आले, जेवण जात नाही, तेव्हा ओआरएस. २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकून देणं ही नेहमीची चूक. असं घट्ट द्रावण आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, आणि तोल आणखी बिघडतो. घरी करायचं तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर टाकून द्या आणि पुन्हा करा. साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आत जातं ते ग्लुकोजच्या जोडीने, आणि पाणी त्या दोघांच्या मागे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना हेच पाजून वाचवलं होतं. दुकानातून घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघा. गोड सरबतं त्याच फळीवर ठेवलेली असतात.

नव्या माणसाचा पहिला आठवडा

उष्माघात होतो तो बऱ्याचदा कामावर नव्याने आलेल्याला किंवा सुट्टीवरून परतलेल्याला. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि त्या काळात त्या यंत्रणेतले आकडेच बदलतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो, आल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे घामातलं मीठ मात्र कमी होतं. सवय झालेल्या गड्याचा घाम खरोखरच कमी खारट असतो.

पहिल्या दिवशी नव्या माणसाला उन्हातल्या कामाचा २० टक्के वेळ द्या आणि रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नका. पाचव्या दिवशी पूर्ण काम. जुना माणूस आठवडाभराच्या सुट्टीनंतर परतला असेल तर पहिल्या दिवशी निम्मं काम, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. एसीत बसून ही सवय लागत नाही, आणि एक आठवडा उन्हापासून दूर राहिलं की सुटायला लागते.

रोज नाडी बघायची पद्धत ठेवा, फुकट आहे आणि खरं सांगते. विश्रांतीला बसल्या बसल्या मनगटाची नाडी ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ११०च्या वर असेल तर विश्रांती तेवढीच ठेवून पुढची कामाची पाळी एक तृतीयांशाने कमी करा, ४५ मिनिटांची ३० करा. कारण साधं आहे: तेच रक्त स्नायूंनाही हवं आणि कातडीलाही, त्यात घामाने रक्ताचं प्रमाण घटलेलं. हृदय ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना ही चाचणी लागू पडत नाही, त्यांची नाडी गोळीमुळे दबलेली असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं, ॲलर्जीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या याही घामात किंवा पाण्याच्या फेऱ्यात हात घालतात. गोळ्या बंद करू नका, काम हलकं करा. आणि रात्री दारू झाली असेल तर एडीएच दाबलं गेलेलं असतं, तो माणूस सकाळी कोरडाच कामावर येतो.

फेरा उलटा फिरतो तेव्हा

आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की गोष्टी एकमेकींना कमी करण्याऐवजी वाढवू लागतात. तापलेल्या पेशी जास्त वेगाने जळतात आणि आणखी उष्णता करतात. पाणी घटल्याने कातडीकडचं रक्त कमी होतं, म्हणून उष्णता आत कोंडते. आतड्यांचं रक्त तोडल्यामुळे तिथली भिंत गळते, जिवाणूंचं विष रक्तात उतरतं. हा धन फीडबॅक, आणि तो बाहेरून थंड केल्याशिवाय थांबत नाही.

ओळखायचं ते वागण्यावरून. माणूस विसंगत बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, स्वतःचं गाव सांगता येत नाही, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. ‘अंग कोरडं असेल तरच उष्माघात’ हे अर्धसत्य आहे. राबताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलं असू शकतं. काखेतला थर्मामीटर ३८ दाखवत असला तरी त्यावर विसंबू नका, आतलं तापमान कितीतरी जास्त असतं.

१०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत थांबू नका. आधी थंड करणं, मग नेणं. सावलीत आणा, कपडे काढा. शेतात हौद असेल तर मानेपर्यंत पाण्यात बसवा आणि एकाने डोकं धरून ठेवा. हौद नसेल तर ताडपत्रीत झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा, त्यात शंभर-दीडशे लिटर पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओता आणि पाणी अंगावर हेलकावत राहा. बर्फ नसला तरी विहिरीचं पाणी चालतं. तेही नसेल तर फवारणीचा न वापरलेला नवा पंप, ओल्या चादरी आणि जोराचा वारा. काखेत, जांघेत, मानेला बर्फाच्या पिशव्या लावणं ही जोडीची गोष्ट, एवढ्यावर भागत नाही. गार पाण्याने कातडीच्या नसा आकसतात आणि उष्णता आत अडकते, असा युक्तिवाद ऐकू येतो. कागदावर तो फीडबॅकच्या नियमाने बरोबर वाटतो. प्रत्यक्षात इतक्या तापलेल्या माणसाला गार पाण्यात बुडवण्याइतक्या वेगाने दुसरं काहीच थंड करत नाही. अर्ध्या तासात ३९ अंशांच्या खाली आणायचं आहे. माणूस नीट बोलू लागला किंवा थरथरू लागला की थांबवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

पॅरासिटामॉल देऊ नका. तापात हायपोथॅलॅमसचा ठरलेला आकडाच वर सरकलेला असतो, शरीर मुद्दाम ३९ वर जात असतं, म्हणून थंडी वाजते आणि गोळीने आकडा खाली आला की घाम फुटून ताप उतरतो. उष्माघातात आकडा ३७ वरच असतो. यंत्रणा तिथे पोहोचू पाहतेय आणि जमत नाहीये. गोळीला बदलण्यासारखं काही नसतं, आणि तापलेल्या यकृतावर तिचा बोजा तेवढा पडतो.

बरा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘मी ठीक आहे’ म्हणत कामावर येतो. किमान आठवडाभर उन्हातलं काम देऊ नका. यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या पाहून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच, आणि तेव्हाही नव्या माणसासारखा २० टक्क्यांपासून.